बंदुकीची नळी आणि कायद्याचा हेतू

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील इंडियाना, ओहायो, इलिनॉय आणि आयोवा या राज्यांत, जेथे मका आणि सोयाबीन यांची शिवारे क्षितिजापर्यंत सपाट पसरलेली असतात आणि शेतकऱ्यांची घरे ज्याच्या त्याच्या शेतात विखुरलेली असतात, तेथे हरणाच्या शिकारीस रायफल वापरण्याची कित्येक दशके मनाई होती. शिकाऱ्याने छऱ्याची बंदूक घ्यावी आणि तीत छऱ्यांऐवजी शिशाची एकच भरीव गोळी, म्हणजे स्लग, भरावी, असा तेथील सर्वसाधारण दंडक असे. रायफलची गोळी मैलोगणती जाते, स्लग मात्र जड, बोथट आणि मंदगती असल्याने लवकर भूमीवर येतो, ही त्यामागील विचारसरणी वरकरणी निर्दोष वाटते.

शिकारच का, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे, कारण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बहुतांशी पुस्तकांतच उरली. तिकडची हकीकत निराळी आहे. इलिनॉयमध्ये हरणे इतकी विरळ झाली की 1901मध्ये शिकार बंद करावी लागली. पुढे संख्या वाढल्यावर 1957मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि लांडगे व प्यूमा यांचा उच्छेद पूर्वीच झालेला असल्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणांना आवर घालण्याचे काम परवानाधारक मनुष्याकडे आले. पीकसंरक्षणाचा परवाना बाळगून रानडुकरांची वाट पाहणाऱ्या कोकणातील शेतकऱ्याला हे शहरी वाचकापेक्षा लवकर उमगेल.

आता बंदुकीकडे वळू. बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर आणि तिच्यातील नेहमीच्या स्लगचे वजन एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी 1898मध्ये आणि अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी 1931मध्ये सिद्ध केलेले स्लग गुळगुळीत नळीतून सुटत, आणि पाऊणशे यार्डांपलीकडे त्यांचा भरवसा धरणे कठीण असे. त्यामुळे शिकाऱ्याला जनावराच्या निकट जाणे भागच पडे. माझ्या मते या निर्बंधाचा खरा गुण हाच होता, मग तो कायदा करणाऱ्यांच्या ध्यानी असो वा नसो. पुढे कारखानदारांनी नळीच्या आत सर्पिल खाचा पाडल्या, लहान गोळीभोवती प्लॅस्टिकचे वेष्टन बसविले, वर दुर्बीण चढविली, आणि कायद्याचे अक्षर जसेच्या तसे राखून शिकाऱ्याच्या हाती जवळजवळ रायफलच ठेवली.

याहून विलक्षण गोष्ट पेनसिल्व्हेनियात उघडकीस आली. तेथील विधिमंडळाच्या समितीपुढे 2007मध्ये जो गणिती अहवाल आला, त्यात नळी आकाशाकडे रोखल्यास रायफलची गोळी अधिक दूर जाते हे मान्य केले होते. परंतु बार समपातळीत काढला आणि गोळी जमिनीवरून उसळली, तर रायफलची गोळी 4,835 फूट जाते आणि तपासलेला वेष्टनयुक्त स्लग 5,205 फूट, असा हिशेब निघाला. हरणावर सहसा आकाशाकडे नेम धरून कोणी बार काढीत नाही. म्हणजे ज्या प्रसंगासाठी दंडक केला, नेमक्या त्याच प्रसंगी त्याचा आधार डळमळीत ठरला.

इंडियानाने 2007मध्ये, ओहायोने 2014मध्ये, आयोवाने 2017मध्ये आणि इलिनॉयने 2023मध्ये काही मर्यादित प्रकारच्या रायफलींना मुभा दिली. निर्बंध सैल झाला हे ठीकच. परंतु या नव्या कलमांतही काडतुसाचा आकार आणि बंदुकीची घडण यांचाच काथ्याकूट आहे, आणि हत्याराचे नाव घालून केलेला कायदा कारखानदाराच्या मागे पडतो हा अनुभव गाठीशी असूनही तीच वाट धरली आहे. सपाट मुलखात घातक ठरते ती गोळीमागे मातीचा आडोसा नसलेली दिशा, मग बंदूक कोणतीही असो. उंच मचाणावरून खाली रोखलेला बार जमिनीत रुततो. तेव्हा परवान्यावर नळीचा प्रकार नोंदविण्यापूर्वी, हरणामागे माती दिसल्याखेरीज बार काढू नये, हे कलम तेथील सरकारांनी प्रथम लिहावे.