हसणारा मासा

माझ्या चार वर्षांच्या नातीजवळ समुद्रातील प्राण्यांचे एक चित्रपुस्तक आहे. पानापानावर यमक जुळवलेल्या दोन ओळी आणि एक हसरा जीव: देवमासा, खेकडा, एक इवलासा मासा. उपवासकाळातील शुक्रवार होता. मांस वर्ज्य म्हणून बोईसरच्या आमच्या घरी पापलेटचे कालवण झाले होते. ताटाकडे पाहत तिने विचारले, "आजोबा, पुस्तकातला मासा हसतो. मग कालवणातला का नाही हसत?"

सारे हसले. मला मात्र तो प्रश्न दिवसभर टोचत राहिला. ज्याला मुलाचा मित्र म्हणून चितारायचे, त्यालाच त्याच्या ताटात वाढायचे, ही मुलाशी केलेली प्रतारणा नव्हे काय?

उत्तरासाठी सातपाटीच्या किनाऱ्याकडे पाहावे. कोळ्याच्या मुलाला मासा आधी पाटीत भेटतो, पुस्तकात नंतर. वलांडीवर वाळणारे बोंबील पाहतच ते वाढते. तरीही समुद्राविषयीचा त्याचा आदर उणावत नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करायचा आणि मगच पाण्यात उतरायचे, ही तिथली जुनी चाल. खाणे आणि जपणे यांत वैर नाही, हे त्या चालीतच सामावले आहे.

प्रतारणा घडते ती अन्यत्र. २०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी शासनाने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली; त्याहून लहान मासा धरण्यास मनाई झाली. असा नियम करावा लागला, कारण बारीक आसाच्या जाळ्यांत पिल्लेही अडकतात. एकदाही अंडी न घालता ती बाजारात येतात, आणि 'स्वस्त मिळाली' म्हणून आपण त्यांचा वाटा आनंदाने पिशवीत टाकतो. दोष कोळ्याच्या माथी मारणे सोपे आहे. पण गिऱ्हाईक नसते, तर ती पिल्ले पाटीत कशाला आली असती? ज्या इवल्या माशाचे गाणे रात्री नातीला वाचून दाखवायचे, त्यालाच सकाळी घासाघीस करून घ्यायचे, ही खरी विसंगती.

मुलांच्या पुस्तकातील यमके खोटी नसतात. ती लहानग्या जिवाविषयी एक वचन देतात, आणि ते पाळण्याचे काम वाचून दाखवणाऱ्यावर सोपवतात.

पुढच्या शुक्रवारी नातीला बाजारात घेऊन गेलो. एका पाटीत तळहातात मावतील अशी पापलेटे होती. ती म्हणाली, "आजोबा, ही तर बाळं आहेत!" आम्ही सुके बोंबील घेऊन घरी परतलो.