हिरव्या दगडाचे ओझे

कॉल लॅन द्वंद्व जिंकतो आणि त्या विजयाच्या ओझ्यानेच पुढे मरतो. हरलेल्या योद्ध्याचे जेड आपल्या अंगावर मिरवायचे, हा केकॉन बेटाचा रिवाज आहे. लॅन कुळाचा प्रमुख आहे, त्यामुळे ते बाजूला ठेवण्याची त्याला मुभा नाही. ठेवले तर शत्रूला कुळ दुबळे दिसेल. जखमी शरीराला मात्र तेवढे जेड पेलत नाही. म्हणून दिवसा तो प्रमुखासारखा वावरतो आणि कोणाला कळू न देता परदेशी औषध टोचून घेतो. फोंडा ली यांच्या ‘जेड सिटी’ (२०१७), ‘जेड वॉर’ (२०१९) आणि ‘जेड लेगसी’ (२०२१) या कादंबरीत्रयीचे सारे मर्म मला या प्रसंगात दिसते. जेड हा हिरवा दगड त्वचेला लागला की केकॉनच्या योद्ध्यांना अचाट बळ देतो आणि प्रमाणाबाहेर गेला की वेड लावून मारतो. जॅनलून शहरावर लॅनचे ‘नो पीक’ आणि शत्रूचे ‘माउंटन’ ही दोन कुळे हुकूमत गाजवतात. पहिल्या कादंबरीला २०१८ मध्ये वर्ल्ड फँटसी पुरस्कार विभागून मिळाला. तिची प्रशंसा करताना पात्रांच्या करड्या छटांचा उल्लेख हमखास होतो. मला तो अपुरा वाटतो. या माणसांची गुंतागुंत त्यांच्या स्वभावात जितकी आहे, त्याहून कितीतरी जास्त त्यांच्या पदात आहे, आणि म्हणूनच ही कादंबरी खऱ्या अर्थाने राजकीय ठरते.

लॅननंतर प्रमुखपद धाकटा भाऊ हिलो याच्याकडे येते. तोवर तो कुळाच्या लढवय्यांचा सेनापती होता. तापट, जीव लावणारा, रस्त्यावर रमणारा. सेनापती असताना जो त्याचा गुण होता, तोच प्रमुख झाल्यावर धोका ठरतो, कारण माणूस तोच असला तरी त्याच्या रागाची किंमत आता सगळे कुळ मोजते. बहीण शे जेड उतरवून परदेशी शिकायला गेलेली असते. भावाच्या मृत्यूनंतर ती ते पुन्हा चढवते आणि कुळाचा कारभार, म्हणजे पैसा आणि व्यापार, हाती घेते. देशातल्या जेडच्या हिशेबात मेळ बसत नाही आणि त्यामागे माउंटनचा हात आहे, हे ती तलवार न उपसता कागदपत्रांतून शोधून काढते. समोर आहे माउंटनची प्रमुख आइट माडा. दत्तक घेतलेल्या मुलीला, त्यातही बाईला, प्रमुखपद मिळण्याची प्रथा नव्हती. तिने प्रतिस्पर्ध्यांना मारून ते मिळवले. मात्र तिचा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. परकीय महासत्ता जेडवर टपल्या असताना दुभंगलेले बेट टिकणार नाही, कुळे एक व्हायला हवीत, असे ती म्हणते. नो पीकच्या जागी बसून वाचले तर ती क्रूर वाटते, नकाशासमोर बसून वाचले तर दूरदर्शी.

हे केवळ कल्पनेचे खेळ नव्हेत. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिली यांनी १९८५ च्या एका गाजलेल्या निबंधात युरोपातल्या राज्यसंस्थेच्या घडणीची तुलना संघटित गुन्हेगारीशी केली. संकट उभे करायचे आणि त्यापासून वाचवण्याचे पैसे घ्यायचे, यात आणि संरक्षणाच्या बदल्यात कर घेण्यात फरक नेमका कुठे, हा त्यांचा प्रश्न. मराठी वाचकाला तो परका नाही. चौथाईला खंडणी म्हणायचे की संरक्षणाचा मोबदला, हा आपल्याकडचा जुना वाद आहे; न्यायमूर्ती रानडे यांनी तर तिची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेच्या व्यवस्थेशी केली होती. केकॉनची कुळे परकीय साम्राज्याविरुद्ध लढलेल्या गुप्त संघटनेतून जन्मली. हप्ता देणारा दुकानदार आणि स्वातंत्र्यलढ्याला आधार देणारा नागरिक ही दोन नाती तिथे एकाच धाग्यात ओवलेली आहेत. त्यामुळे या कुळांना टोळी म्हणावे की सरकार, याचा निर्णय ली वाचकावर सोपवून मोकळ्या होत नाहीत. हा प्रश्न त्या पात्रांच्या रोजच्या कामात उतरवतात.

यावर आक्षेप येईल की एवढ्यासाठी जादू कशाला? मारिओ पुझो यांच्या ‘द गॉडफादर’ने १९६९ मध्येच हे काम केले नव्हते का? बरेचसे केले होते. पण तिथे नायक मायकेलचे बदलणे आपण एका माणसाचे अधःपतन म्हणून वाचतो. सत्ता त्याच्या मनात शिरते आणि ती आपल्याला अंदाजानेच ओळखावी लागते. जेड सत्तेला वजन देते. ती खाणीतून काढावी लागते, तिची तस्करी होते, ती अंगावर चढवता-उतरवता येते आणि शरीर तिची किंमत फेडते. हिलोची पत्नी वेन हिच्यावर जेडचा काहीच परिणाम होत नाही, म्हणून समाज तिला अपशकुनी मानतो. तीच उणीव वापरून ती नवऱ्याच्या नकळत, शेच्या साथीने, जेडची चोरटी वाहतूक करते. तिला पद कोणी दिले नव्हते. तिने ते घडवले, आणि घडवताच खोटे बोलणेही तिच्या वाट्याला आले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: तलवारी, निष्ठा, घराण्याचा मान यांच्या झगमगाटात गुन्हा सुंदर दिसू लागतो. दिसतो, हे मान्य करायला हवे. हिलोला वाचक जीव लावतो, त्याच्या हातून घडणाऱ्या हिंसेसकट. पण त्या झगमगाटाने ओढलेला बेरो हा भुरटा चोर त्रयीत अगदी पहिल्या प्रकरणापासून आहे. योद्ध्यांकडे पाहून जेडची हाव धरलेल्या या पोराला लेखिका तीन ग्रंथभर सोडत नाही. वाचकाला होणारा मोहच तिने असा एका पात्राच्या रूपाने कथेत आणून ठेवला आहे.

जिथे माझे समाधान होत नाही ती जागा वेगळी आहे. बेटाचे मूळ रहिवासी अबुकेई यांच्यावर जेडचा परिणाम होत नाही. म्हणून जेडसाठी नदीत बुडी मारण्याचे जोखमीचे काम त्यांच्याकडे येते आणि मान मात्र कोणताच नाही. पदाने माणूस गुंतागुंतीचा होतो, हे या त्रयीचे बलस्थान असेल, तर ज्यांना पदच नाही ते कथेच्या काठावर राहणार, हे ओघाने आले. वेनला निदान कॉल घराण्याचे दार होते. अबुकेई पाणबुड्याला तेही नाही, आणि दोन कुळांच्या युद्धाचा दारूगोळा मात्र त्याच्या ओंजळीतूनही वर येतो.