देवराईची शिल्लक

माणूस रानात जातो तो मनःशांतीसाठी, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. मी आहुप्याच्या देवराईत गेलो तो चांगल्या शांत मनाने, आणि परत आलो तो पंधरा वर्षांपूर्वीचे पाचशे रुपये डोक्यात घेऊन. चूक देवराईची नाही. आमच्याबरोबर एक प्राध्यापक होते, आणि ते तत्त्वज्ञान शिकवतात.

बँकवाल्याचं पंचांग वेगळं असतं. त्यात अमावास्या-पौर्णिमा नसतात, दुसरा शनिवार आणि चौथा शनिवार असतात. अशा एका दुसऱ्या शनिवारला पुढे रविवार आणि सोमवारची कसलीशी सुट्टी लागून आली. हा तिहेरी योग साधून शेजारचे प्राध्यापक, आमची सौ. आणि मी असे तिघे निघालो. मंचर, घोडेगाव आणि मग डिंभे धरणाच्या कडेकडेने वळणं घेत जाणारा रस्ता. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. १९३० साली मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला हा गिरणी कामगार याच आंबेगाव तालुक्यातला. प्राध्यापकांनी पाण्याकडे बघून हात जोडले. मीही जोडले. सौ.ला गाडी लागत असल्यामुळे तिचे आधीच जोडलेले होते.

आहुपे हे सह्याद्रीच्या अगदी कडेवरचं गाव. गावाच्या पुढे दहा पावलं चुकून जास्त टाकलीत तर थेट कोकणात. खाली गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके उभे असतात. आपण ज्या गडांकडे मान वर करून बघायचं, त्यांच्याकडे इथे मान खाली घालून बघायला मिळतं. कारकुनाच्या आयुष्यात असे प्रसंग फार थोडे.

गावाला लागूनच भैरवनाथाची राई. उघड्यावरून आत शिरलं की कोणीतरी दिवा मालवल्यासारखं होतं. जांभूळ, हिरडा, अंजनी अशी झाडं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी. त्यांच्यावरून माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली अशा लोंबलेल्या, की एखाद्या अजस्र बाईने विणकाम अर्धवट टाकून जेवायला जावं. वरच्या फांद्यांवर शेकरूची घरटी. शेकरू म्हणजे तांबूस रंगाची, लांब झुपकेदार शेपटीची मोठी खार, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. एक शेकरू एकाच वेळी चार-पाच घरटी बांधून ठेवतं म्हणे. कर्ज न काढता इतक्या जागा करणारा दुसरा प्राणी माझ्या पाहण्यात नाही.

गावातले एक म्हातारे बाबा वाट दाखवायला आले होते. डोक्याला मुंडासं, हातात काठी, आणि आमच्या तिघांच्या मिळून होईल त्यापेक्षा जास्त दम. या भागातली बरीचशी घरं महादेव कोळ्यांची. भातशेती आणि हिरडा यांवर संसार. बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा. "राईतला हिरडा?" मी विचारलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू लॉकरमधलं सोनं काउंटरवर मागितलं होतं.

"राईतली काटकीबी चुलीला न्हेत न्हाई आमी. देवाचं हाय."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला ही व्यवस्था ताबडतोब समजली. ही मुदत ठेव आहे. फक्त हिला मुदत नाही, व्याज काढून घेण्याची सोय नाही आणि वारसाच्या रकान्यात सगळं गाव. गंमत म्हणजे या ठेवीला कुंपण नाही, पहारेकरी नाही, पावतीपुस्तक नाही. शेजारच्या भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा आपला निबंध १९७६ साली छापला. राई मात्र त्या दोन्ही सालांच्या कितीतरी आधीपासून नुसत्या एका शब्दावर उभी होती: देवाचं हाय.

इथे माझ्या हातून ती गोष्ट घडली. वाटेत गारंबीची शेंग उकलून पडलेली होती. ही शेंग हातभर लांब असते. आतली बी चपटी, गुळगुळीत, तपकिरी, पेढ्याच्या आकाराची. बाबा आणि प्राध्यापक पुढे गेले होते.

"शोकेसमध्ये काय छान दिसेल!" सौ. म्हणाली.

"अगं, पण देवाचं—"

"एकच तर आहे. आणि बघतंय कोण?"

बी माझ्या खिशात गेली. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला इतक्या सफाईने हात चालवता येतो, याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं.

देवळापाशी टेकलो. बाबांनी पाण्याची कळशी आणायला गावाची वाट धरली, आणि प्राध्यापकांनी तत्त्वज्ञान सोडलं. म्हणाले, "हे रान टिकलं ते भीतीनं. भीतीनं केलेल्या चांगल्या गोष्टीला नैतिक मोल नसतं, असं कांट म्हणतो." मग त्यांनी कांटचा दुकानदार सांगितला. १७८५ सालच्या पुस्तकातला. हा दुकानदार लहान पोरालाही योग्य भावात माल देतो. का? तर नाव खराब झालं तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून. कांट म्हणतो, याला प्रामाणिक काय म्हणून म्हणायचं? हा नुसता हुशार!

मी गप्प झालो. प्राध्यापकांना वाटलं, मला कांट समजला नाही. खरं म्हणजे मला तो नको इतका समजला होता.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कॅशला बसत होतो. कॅशिअरच्या आयुष्याचा कायदा सोपा आहे: कमी भरली तर खिशातून घालायची, जास्त भरली तर सस्पेन्स खात्यात जमा करायची. म्हणजे तोटा आपला, नफा बँकेचा. एका संध्याकाळी पाचशे रुपये जास्त निघाले. तीनदा मोजले. आदल्याच महिन्यात पाचशे कमी आले होते आणि मी ते पगारातून भरले होते. केबिनमध्ये मी एकटा. मनात आलं, देवानेच हिशेब फिटवला. नोट हातात, हात खिशाजवळ. मी मान वर केली आणि भिंतीवरचा नवा कॅमेरा दिसला. तो माझ्याकडेच बघत होता.

नोट सस्पेन्स खात्यात गेली. दुसऱ्या दिवशी एक पेन्शनर आजी रडत आल्या, त्यांना पाचशे कमी गेले होते. पैसे मिळाल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. साहेबांनी सगळ्या स्टाफपुढे कौतुक केलं. घरी शिरा झाला. पुढच्याच आठवड्यात कॅमेऱ्याचा मेकॅनिक आला तेव्हा कळलं, की ते यंत्र महिनाभर बंदच होतं. म्हणजे माझा प्रामाणिकपणा एका मेलेल्या कॅमेऱ्याने सांभाळला होता! हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. सौ. अजूनही पाहुण्यांना त्या आजींची गोष्ट सांगते. मी दर वेळी चहा आणायला आत जातो.

कळशी घेऊन बाबा आले. मला राहवेना. विचारलं, "बाबा, खरं सांगा. देवाचं भय नसतं तर तोडली असती ही झाडं?"

बाबा हसले. "ल्हानपनी भ्याव होतं. माझा बा म्हनायचा, काटकी न्हेली तर वाघरू दारात येतंय. आता कुटलं भ्याव? वाघरू ऱ्हायलं न्हाई."

"मग?"

"मग काय? पोरगं पयल्यांदा आईच्या धाकानं हात धुऊन जेवाया बसतं. आई गेली म्हनून म्हातारपनी खरकट्या हातानं जेवतं व्हय?"

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. कांटने दुकानदार पाहिला होता. या बाबांसारखा माणूस त्याच्या गावी नसावा.

मग बाबांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. लांबच्या एका गावात राईतल्या देवाला मोठं देऊळ बांधायचं ठरलं. स्लॅब, फरशी, रंगीत कळस. पैसे कुठून आणायचे? राईतली झाडं विकली. आता देऊळ चकचकीत आहे, आणि उन्हात उभं आहे. "द्येवाला फरशी चटकं देतीया," बाबा म्हणाले. असं अनेक ठिकाणी झालेलं आहे. म्हणजे देवाची भीती होती तोवर झाडं राहिली, आणि देवावरचं प्रेम ऊतू गेलं तेव्हा ती पडली. तेव्हा नुसत्या हेतूवर जमाखर्च मांडू नये, असं आता मला वाटतं. हेतू शुद्ध असावा हे खरंच. पण आजींना पाचशे रुपये मिळाले ते माझ्या हेतूची चौकशी न करता. आणि चुलीला काटकी लागत असताना ती राईत पडू देणं हे बाबांना रोज पडतं. फुकट तत्त्व सांगणाऱ्यापेक्षा किंमत मोजून सवय पाळणारा मला मोठा वाटला. बाबू गेनूसारखा कोणताही धाक नसताना आडवा होणारा माणूस शतकात एखादाच. बाकीच्या आपल्यासारख्यांना आधी धाक, मग सवय, आणि जमलं तर पुढे कधीतरी स्वभाव, असे हप्ते भरावे लागतात.

निघताना, "चष्म्याचं घर विसरलं," असं सांगून मी मागे गेलो. उकललेली शेंग होती तिथेच होती. बी खिशातून काढून तिच्याशेजारी ठेवली. आसपास चिटपाखरू नव्हतं. मनात म्हटलं, चला, कांटच्या परीक्षेत एकदा तरी पास झालो, कोणी बघत नसताना! छाती जरा पुढे काढून वर बघतो, तर फांदीवर शेकरू बसलेलं. शेपटी खाली सोडून, डोळे माझ्यावर रोखून.

साक्षीदार निघालाच!

घरी आल्यावर सौ.ने बी मागितली. पडली म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी पाहुण्यांसमोर त्या आजींची गोष्ट निघाली, की मात्र चहाला न जाता कॅमेऱ्याचा भाग मीच सांगायचा, असं ठरवलं आहे. निदान दूरच्या पाहुण्यांपासून सुरुवात करावी म्हणतो.

मंगळवारी काउंटरवर बसलो. सवयीने मान वर गेली. कॅमेरा चालू आहे की बंद, हे खालून कळत नाही. मेकॅनिक त्याच दिवशी आला होता, समोरूनच गेला. विचारावंसं फार वाटलं, पण विचारलं नाही. संध्याकाळी शिल्लक पैशाला पैसा जुळली.