निकृष्ट अध्यक्ष कोणता?

थोर पुरुष कोण असें विचारलें म्हणजे माणसें आपल्या आवडीनिवडींविषयीं बोलूं लागतात. निकृष्ट कोण असें विचारलें म्हणजे मात्र त्यांच्या नीतिकल्पना उघड्या पडतात. स्तुति ढोबळ असली तरी चालून जाते. निंदेला कारण द्यावें लागतें. म्हणूनच अमेरिकेंतील विद्वान् मंडळी आपल्या अध्यक्षांची जी प्रतवारी वेळोवेळीं लावीत आली आहेत, तिच्या वरच्या टोंकापेक्षां खालच्या टोंकाकडे पाहणें आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें. वर लिंकन व वॉशिंग्टन हे जवळजवळ कायमचे ठाण मांडून बसले आहेत. खालची मंडळी मात्र बदलत गेली आहे. आणि ती कां बदलली ह्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

१९४८ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील इतिहासाचे प्राध्यापक आर्थर श्लेसिंजर (थोरले) यांनीं ५५ जाणत्या मंडळींचीं मतें घेऊन एक प्रतवारी 'लाइफ' साप्ताहिकांत छापली. तींत 'अयशस्वी' ह्या शेवटच्या वर्गांत दोनच नांवें होतीं : युलिसीस ग्रँट आणि वॉरन हार्डिंग. अँड्र्यू जॉन्सन हा 'सामान्य' वर्गांत सुखानें बसला होता. पुढें २०२१ सालीं 'सी-स्पॅन' ह्या दूरचित्रवाहिनीनें इतिहासकारांचीं मतें घेतलीं, तेव्हां ४४ जणांत शेवटचा क्रमांक जेम्स ब्यूकॅनन याला आणि त्याच्या लगतचा जॉन्सनला मिळाला. ग्रँट मात्र २० व्या जागीं जाऊन पोंचला. जॉन्सन १८७५ सालीं वारला व ग्रँट १८८५ सालीं. १९४८ नंतर ह्या दोघांनीं कांहीं नवें सुकृत वा दुष्कृत केलें असणें शक्य नाहीं. मग बदललें तें काय?

प्रथम एक मर्यादा सांगून ठेवतों. जे अध्यक्ष हयात आहेत, किंवा ज्यांच्या कारभाराचे वाद अजून निवडणुकींच्या रणांत खेळले जातात, त्यांना आम्हीं ह्या विचारांतून वगळलें आहे. चालू तंट्यांत साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश हे तिघेहि एकच असतात. तेथें निवाडा होत नाहीं, पक्ष तेवढे दिसतात.

निकृष्टतेची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे भ्रष्टाचाराची. ती हार्डिंगला लावण्यांत येते. १९२१ सालीं तो अध्यक्ष झाला आणि १९२३ च्या ऑगस्टांत अधिकारावर असतांनाच वारला. त्याच्या अंतर्गत खात्याचा मंत्री ॲल्बर्ट फॉल यानें वायोमिंगमधील टीपॉट डोम येथील व कॅलिफोर्नियांतील सरकारी तेलक्षेत्रें खाजगी धनिकांना पट्ट्यानें दिलीं आणि लांच खाल्ली, हें मागाहून सिद्ध झालें. फॉल तुरुंगांत गेला. हार्डिंगनें स्वतः पैसा खाल्ल्याचें सिद्ध झालें नाहीं. मित्र निवडण्यांत तो आंधळा होता. परंतु ह्याच माणसानें, युद्धविरोधी भाषणाबद्दल बंदींत पडलेल्या यूजीन डेब्स ह्या समाजवादी पुढाऱ्याला १९२१ च्या नाताळांत सोडून दिलें; आणि त्याच वर्षीं अलाबामांतील बर्मिंगहॅम येथें जाऊन, कृष्णवर्णीयांना राजकीय समता मिळाली पाहिजे असें दक्षिणेंतील गोऱ्या श्रोत्यांच्या तोंडावर सांगितलें. चोरीचा संताप आपणां मध्यमवर्गीयांस लवकर येतो, कारण चोरी म्हणजे काय हें आपणांस ठाऊक असतें. तथापि सर्वोच्च न्यायालयानें १९२७ सालीं ते पट्टे रद्द केले आणि तेल राष्ट्राला परत मिळालें. जें परत मिळत नाहीं त्याची हानि करणाराचा अपराध ह्याहून मोठा मानला पाहिजे.

दुसरी कसोटी कर्तव्यच्युतीची. ब्यूकॅनन अनुभवानें कोणाहून कमी नव्हता. लोकप्रतिनिधि, सिनेटर, रशिया व इंग्लंड येथील वकील, परराष्ट्रमंत्री, इतक्या पायऱ्या चढून १८५७ सालीं तो अध्यक्ष झाला. १८६० च्या डिसेंबरांत, दक्षिणेकडील संस्थानें संघांतून फुटण्याच्या बेतांत असतां, त्यानें काँग्रेसला कळविलें कीं, फुटून निघण्याचा हक्क कोणाहि संस्थानाला नाहीं. परंतु फुटणाराला बळानें अडविण्याचा अधिकार संघसरकारालाहि नाहीं! १८६१ च्या ४ मार्चला लिंकनच्या हातीं कारभार गेला तेव्हां सात संस्थानें निघून गेलीं होतीं. द्यूतसभेंतील भीष्माचार्यांची येथें कोणासहि आठवण होईल. द्रौपदीच्या प्रश्नाला धर्माची गति सूक्ष्म आहे असें उत्तर देणाऱ्या त्या पितामहांचें ज्ञान तोकडें नव्हतें. परंतु आपल्या ज्ञानाचा उपयोग त्यांनीं स्वस्थ बसण्याचें कारण शोधण्याकडे केला. ब्यूकॅनन तर निव्वळ स्वस्थहि बसला नव्हता. ड्रेड स्कॉट ह्या गुलामाच्या खटल्याचा निकाल लागण्यापूर्वींच त्यानें न्यायाधीशांशीं गुप्त पत्रव्यवहार केला होता, आणि कॅन्ससच्या लोकांवर गुलामगिरीची घटना लादण्याच्या खटपटींतहि त्याचा हात होता. इतकें असूनहि त्याच्या बाजूनें एक गोष्ट बोलतां येते. त्याच्या जागीं दुसरा कोणी असता तर यादवी टळली असती असें खात्रीनें कोण सांगेल? संघाच्या जन्मापासून सांचत आलेलें तें विष एका माणसानें उतरविण्याजोगें राहिलें नव्हतें.

ह्यावरून आम्हांस जी कसोटी न्याय्य वाटते ती अशी : त्याच आसनावर दुसरा एखादा साधारण बुद्धीचा व साधारण सज्जनपणाचा मनुष्य बसला असता तर किती अनर्थ टळला असता? जेवढा टळला असता तेवढा त्या व्यक्तीच्या पदरीं घालावा. बाकीचा काळाच्या व समाजाच्या पदरीं.

ही कसोटी लावली म्हणजे आमचें बोट अँड्र्यू जॉन्सनकडे वळतें. १८६५ च्या १५ एप्रिलला, लिंकनच्या खुनानंतर, तो अध्यक्ष झाला. युद्ध जिंकलेलें होतें. दक्षिणेंत संघाचें सैन्य होतें. चाळीस लाखांच्या आसपास माणसें गुलामगिरींतून मोकळीं होत होतीं. जनरल शर्मन यानें त्या वर्षाच्या आरंभीं समुद्रकांठची जमीन चाळीस चाळीस एकरांपर्यंतचे तुकडे पाडून मुक्त कुटुंबांना देण्याचा हुकूम काढला होता, आणि सुमारें ४०,००० माणसें तेथें वसूंहि लागलीं होतीं. जॉन्सननें बंडखोर जमीनदारांना उदारपणें माफी दिली व ती जमीन त्यांना परत करविली. नव्यानें स्थापन झालेल्या दक्षिणी सरकारांनीं असे कायदे केले कीं, ज्या कृष्णवर्णीयाजवळ मजुरीचा करार नसेल त्याला भटक्या ठरवून दंड करावा व दंड न दिल्यास कोणाच्या तरी कामाला जुंपावें. जॉन्सननें हें चालूं दिलें. मुक्त झालेल्यांना साहाय्य करणाऱ्या खात्याची मुदत वाढविणारें बिल आणि त्यांना नागरिकत्व देणारें बिल, हीं दोन्ही १८६६ सालीं त्यानें नाकारलीं. दुसरें बिल काँग्रेसनें दोनतृतीयांश बहुमतानें त्याच्या नकारावरून मंजूर केलें. साधारण मनुष्यानें सही करून मोकळें व्हावें अशी ती वेळ होती. काळ त्याच्या विरुद्ध नव्हता. तोच काळाच्या आडवा उभा राहिला.

त्याच्या बचावाचा मुद्दा सोडून देणें बरें नव्हे. जॉन्सन गरिबींतून वर आलेला शिंपी होता. शाळेचें तोंड त्यानें पाहिलेलें नव्हतें. फुटलेल्या संस्थानांच्या सिनेटरांपैकीं आपली जागा न सोडणारा तो एकटाच, आणि त्यासाठीं त्यानें जिवावरची जोखीम पत्करली होती. त्याचा हेतु प्रामाणिक होता, घटनेचा जो अर्थ त्याला पटला तसा तो वागला, असें त्याचे कैवारी म्हणतात. प्रामाणिकपणाला आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु ज्यानें पाहण्याचेंच नाकारलें त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत किती? दक्षिणेची स्थिति पाहून येण्यास त्यानें स्वतःच कार्ल शुर्झ याला धाडलें. शुर्झनें तेथील अत्याचारांचा सविस्तर वृत्तान्त आणला, तो त्यानें बाजूला सारला. १८६६ च्या मेमध्यें मेंफिस येथें व जुलैंत न्यू ऑर्लिन्स येथें कृष्णवर्णीयांच्या कत्तली झाल्या. त्याचें धोरण हाललें नाहीं. अज्ञान हा बचाव होऊं शकतो. दारीं आलेल्या ज्ञानाला परत धाडणें हा होऊं शकत नाहीं. १८६८ सालीं त्याच्यावर महाभियोग झाला तोहि मुख्यतः एका मंत्र्याला काढून टाकल्याबद्दल, आणि एका मतानें तो सुटला. खऱ्या अपराधाचें आरोपपत्र कोणी लिहिलेंच नाहीं.

मग १९४८ च्या मंडळींस हें कां दिसलें नाहीं? कारण ज्या इतिहासावर त्यांचें पोषण झालें होतें तो कोलंबिया विद्यापीठांतील डनिंग आणि त्यांचे शिष्य यांनीं घडविलेला होता; मुक्त झालेल्यांना मत देणें हीच मोठी चूक होती असें त्याचें सार. त्या इतिहासांत मुक्त झालेलीं माणसें हा एक पेंच होता, साक्षीदार नव्हते. ड्यू बॉइस यांनीं १९३५ सालीं त्यांची बाजू मोठ्या ग्रंथानें मांडली, पण ती पटण्यास आणखी पिढी जावी लागली. हिशेबांत तीं माणसें धरल्याबरोबर ग्रँटचा जमाखर्चहि पालटला. त्याच्या अमदानींतील व्हिस्कीच्या करांतील अफरातफर खरीच. परंतु १८७१ सालीं कायद्याचें व सैन्याचें बळ वापरून कू क्लक्स क्लॅनचा कणा मोडणारा अध्यक्षहि तोच.

ह्यावर कोणी म्हणेल, ज्याचा तो काळ, ज्याचा तो चष्मा. उद्यां हाहि निकाल फिरेल. आम्हांस हें मान्य नाहीं. पंचांनीं वादीची जबानी न घेतां दिलेला निकाल आणि ती घेऊन दिलेला निकाल हीं दोन सारखींच मतें नव्हेत. आणि काळाच्या चष्म्याची सबब तरी कितपत टिकते? १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक, गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केलें. त्या घटनेचें मोल पुण्यांत बसलेल्या ह्या माणसाला त्याच काळांत कळलें होतें, कारण ते खालून पाहत होते.

आणखी एक आक्षेप राहतो. मुक्यांचें दुःख मोजावयाचें तर जॅक्सनला कां सोडावें? १८३० सालीं त्यानें मूळच्या रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हांकलण्याच्या कायद्यावर सही केली, आणि पुढें त्या वाटेवर चेरोकी लोकांपैकीं हजारों मेले. आम्ही त्याला सोडीत नाहीं. १९४८ सालीं सहाव्या जागीं असलेला जॅक्सन २०२१ सालीं २२ व्या जागीं उतरला हें योग्यच झालें. परंतु तेथें काँग्रेसचें बहुमत व मतदारांची हांव हीं त्याच्याच बरोबर धांवत होतीं. पाप मोठें, पण वांटेकरी पुष्कळ. जॉन्सनच्या वेळीं काँग्रेस न्यायाच्या बाजूला होती. पापाचा एवढा मोठा वांटा एकट्याच्या नांवावर इतर कोणा अध्यक्षाच्या खात्यांत आम्हांस दिसत नाहीं.

हा तंटा परक्या देशाचा म्हणून सोडून देतां येण्याजोगा नाहीं. जॉन्सननें जिच्याविरुद्ध आपलें वजन खर्च केलें, ती अमेरिकन घटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ सालीं अमलांत आली. प्रत्येकाला कायद्याचें समान संरक्षण, हे तिच्यांतील शब्द आपल्या संविधानाच्या चौदाव्याच अनुच्छेदांत आले आहेत. राज्यकर्त्यांचें मोजमाप करतांना आपण रस्ते, कर, महागाई, लांचलुचपत इतकें पाहतों, आणि तें पाहावेंच. परंतु ज्यांना आपल्या बैठकींत बोलावणें नसतें त्यांच्या दारीं त्या कारभारानें काय नेऊन टाकलें, हें विचारल्यावांचून केलेली प्रतवारी राज्यकर्त्याची नसते. ती प्रतवारी लावणाऱ्याचीच असते.