नवजात बालकाचा मृत्यू : दैव की दुर्लक्ष?



माझ्या वर्गातील एक मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी आली तेव्हा म्हणाली, "गुरुजी, आईला आठव्या महिन्यातच बाळ झालं. ते गेलं." संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झाले होते. बाळ कण्हत होते. श्वासागणिक त्याची छाती आत ओढली जात होती. जिल्ह्याला न्या, असे सांगण्यात आले. गाडी मिळेपर्यंत अडीच तास गेले आणि बाळ वाटेतच थंड पडले. "त्याचं तेवढंच लिहिलेलं होतं, गुरुजी," आजी म्हणाली. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. दैव आणि ललाटरेषा आपण १९५६ साली नागपुरात सोडून आलो, असे मी सभांतून सांगत असतो. त्या घरात मात्र मी गप्प राहिलो. माझे हे मौन योग्य होते काय? हाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. तोही साडेपाच आठवडे आधीच जन्मला होता. त्याचे वजन सुमारे दोन किलो होते आणि त्यालाही श्वास घेता येत नव्हता. त्याला बॉस्टनच्या मोठ्या रुग्णालयात नेले. ३९ तासांनी तो दगावला. त्या बापाला पैशाची, डॉक्टरांची, वाहनाची कशाचीही उणीव नव्हती. उणीव होती ती ज्ञानाची.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ पुरेसा नसतो, म्हणून श्वास सोडताच हवेच्या बारीक पिशव्या मिटतात, हे मेरी एलन ॲव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ मध्येच दाखवले होते. परंतु उपाय हाती नव्हता. हलक्या दाबाने सतत हवा देऊन त्या पिशव्या उघड्या ठेवण्याची पद्धत १९७१ मध्ये पुढे आली. मुदतीआधी बाळंतपण होण्याचा संभव दिसल्यास आईला इंजेक्शन देऊन बाळाची फुप्फुसे लवकर तयार करता येतात, हे १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनी दाखवून दिले. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून तयार केलेले सर्फॅक्टंट दहा बाळांना दिले. आज केनेडींच्या मुलाएवढे बाळ योग्य विभागात वेळेवर पोहोचले, तर बहुतेक वेळा वाचते.

तेव्हा १९६३ चा तो मृत्यू आणि माझ्या विद्यार्थिनीच्या भावाचा मृत्यू, दोन्ही एकाच तराजूत घालता येतील काय? तिथे उपाय कोणालाच ठाऊक नव्हता. इथे उपाय ठाऊक होता. फक्त तो आणि बाळ यांच्यामध्ये अडीच तास उभे होते. या अडीच तासांना 'लिहिलेले' म्हणणे म्हणजे माणसांनी केलेली कसूर अदृश्य शक्तीच्या नावावर टाकणे होय.

कोणी म्हणेल, गरीब देशाला ही यंत्रे परवडतील काय? बाळ जगवणारी प्रत्येक गोष्ट महाग नसते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी खेड्यातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. तेथील नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. तो अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांच्या २०२१ च्या अभ्यासात असे आढळले की, कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवले तर मृत्यू सुमारे एकचतुर्थांशाने कमी होतात. पण गरिबाला छाती आणि श्रीमंताला काचेची पेटी, अशी वाटणी कोणी करू नये. त्या अभ्यासातील माताही अतिदक्षता विभागातच, बाळाजवळ राहिल्या होत्या. ऊब, यंत्र आणि जागता माणूस, तिन्ही हवीत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागाला आग लागून दहा बाळे गेली. यंत्रे असूनही दक्षता नसली की काय होते, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले.

आता माझ्या मौनाकडे येतो. मला भीती वाटली होती. "बाळ वाचू शकले असते" असे मी म्हणालो, तर ती माऊली जन्मभर स्वतःला दोष देईल. 'लिहिलेलं होतं' या शब्दाने तिचे सांत्वन तरी होते. ते काढून घेणे क्रौर्य नव्हे काय? पुष्कळ विचारांती माझे मत असे झाले आहे की, सत्य सांगावे, पण दोष कोणाचा तेही त्याच श्वासात सांगावे. "बाई, यात तुझी काहीच चूक नाही. गाडी वेळेवर मिळायला हवी होती. ती मिळावी हे पाहणे आम्हा सर्वांचे काम होते, ते आम्ही केले नाही." किसा गौतमीचे मेलेले मूल पाहून तथागतांनी तिला दैवाची गोष्ट सांगितली नाही, मोहरी आणायला घरोघर पाठवले. मृत्यू प्रत्येक घरी येतो, हे तिला कळले. पण तो प्रत्येक घरी सारख्याच कारणाने येत नाही, हे आज आपल्याला कळले पाहिजे.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूतिकाळातील सवलतीच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तो भार शासनानेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. त्या मागणीत दयेची याचना नव्हती, हक्क होता.

वाचकहो, आपल्या विहारात पुढच्या रविवारी जमाल तेव्हा एवढेच विचारा : आपल्या वस्तीत गरोदर भगिनी किती? रात्री गाडी कोण आणील? जिल्ह्याच्या रुग्णालयात नवजातांच्या विभागात रात्रपाळीला परिचारिका किती असतात? उत्तर मिळाले नाही तर लेखी मागा. मी पुन्हा त्या घरी जाणार आहे. उशीर झाला आहे, पण आजीला उत्तर देणे अजून बाकी आहे.