तीर्थातलं क्लोरीन

चैत्र वद्य त्रयोदशी ही संत गोरा कुंभारांची पुण्यतिथी. परंपरा त्यांच्या समाधीचं साल १३१७ मानते. त्या निमित्ताने धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी, तेरणेकाठच्या समाधीमंदिरात यात्रा भरते. मराठवाड्यात तेव्हा ऐन उन्हाळा असतो. पाणी सर्वांत कमी आणि पिणारी तोंडं सर्वांत जास्त, अशी ही वेळ. अशा दिवसांत गावाच्या टाकीत ब्लिचिंग पावडर, म्हणजे गावकऱ्यांच्या भाषेत टीसीएल, पडलीच पाहिजे. तेच पाणी देवाच्या अभिषेकाला जातं आणि तीर्थ म्हणून ओंजळीत येतं. मग भाविकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. देवाच्या स्पर्शाने जे पाणी पवित्र होतं, त्याला आधी औषधाने शुद्ध का करावं लागावं?

हा प्रश्न अश्रद्धेतून येत नाही, म्हणून तो झटकून टाकता येत नाही.

उत्तर शोधताना जलतरण तलावांत आणि काही पाणीयोजनांत बसवलं जाणारं मिठाचं क्लोरिनेशन यंत्र कामी येतं. तलावाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ घालतात. समुद्रात ते ३५ ग्रॅमच्या आसपास असतं. हे पाणी टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून फिरतं. पट्ट्यांवर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा पातळ मुलामा असतो. वीज सोडली की मिठातल्या क्लोराइडचं क्लोरीन होतं आणि ते पाण्यात मिसळून जंतू मारणारं हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. घाणीशी झुंजून झालं की क्लोरीनचं पुन्हा क्लोराइड होतं. मीठ जवळजवळ तेवढंच राहतं. संपतं ते शुद्ध करण्याचं बळ, आणि ते रोज नव्याने निर्माण करावं लागतं. उघड्या तलावात तर ऊनही ते खातं.

यंत्राचंही तसंच. ऋण पट्टीजवळ पाणी अल्कधर्मी होतं आणि जड पाण्यातलं कॅल्शियम तिथे पांढरा थर धरतं. थर वाढला की क्लोरीन घटतं. मग वीज बंद करून पट्ट्यांचा संच, म्हणजे सेल, बाहेर काढायचा आणि सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ ठेवायचा. हे आम्ल सौम्य करताना पाण्यात आम्ल ओततात, आम्लात पाणी कधीच नाही. घाईने स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर क्षाराबरोबर मुलामाही निघतो आणि सेल कामातून जातो. बऱ्याच यंत्रांत विजेची दिशा ठरावीक वेळाने उलटते, त्यामुळे थर आपोआप सुटतो; तरीही काही वर्षांनी मुलामा झिजतो आणि सेल बदलावा लागतो. हे सगळं करणारा माणूस आठवडाभर आला नाही, तर निळंशार दिसणारं पाणीही रोग देऊ शकतं.

डोळ्यांना न दिसणारा हा धोका रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात दाखवून दिला. लोक ज्या तळ्यात आंघोळ करत, कपडे धूत आणि ज्याचं पाणी पीत, त्याच तळ्यात त्यांना पटकीचे जंतू सापडले. वापरणाऱ्याची जात, श्रद्धा किंवा हेतू यांपैकी काहीही त्या जंतूला अडवत नव्हतं.

महाराष्ट्राने याच्या नेमकं उलट एक शुद्धीकरण पाहिलं आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी तळं बाटलं म्हणून दही, दूध, शेण आणि गोमूत्र भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात रित्या केल्या. माणसाच्या ओंजळीने जे पाणी जराही बिघडलं नव्हतं, ते शुद्धीच्या नावाखाली घाण केलं गेलं. त्या तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात मान्य व्हायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. शुद्धी जेव्हा पाण्याऐवजी माणसांची प्रतवारी करू लागते, तेव्हा ती धर्माचंही नुकसान करते. क्लोरीनला अशी प्रतवारी करताच येत नाही.

वारकरी परंपरेने कर्मकांडी सोवळ्यावर सतत प्रश्न उभे केले, आणि त्यात तेरच्या कुंभाराचं स्थान वेगळं आहे. गोरोबांच्या दोन कथा घरोघरी माहीत आहेत. एकीत ते नामस्मरणात इतके तल्लीन होतात की चिखलाबरोबर स्वतःचं तान्हं बाळ तुडवलं जातं. दुसरीत त्यांच्याच घरी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर ते थापटी मारून कोण पक्कं आणि कोण कच्चं ते पाहतात. नामदेव कच्चे ठरतात आणि गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे जातात. पहिल्या कथेचं पर्यवसान पांडुरंगाच्या कृपेने बाळ परत मिळण्यात होतं, पण तीत एक भीतीही दडलेली आहे: हातातल्या कामाचं भान सुटलेली भक्ती कुणाच्या तरी जिवावर उठू शकते. दुसरी कथा भान ठेवणाऱ्या कारागिराची आहे. वरून सगळी मडकी सारखीच दिसतात, म्हणून तो एकेक वाजवून बघतो.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीचे थेंब टाकतो, तेव्हा तोही थापटीच मारत असतो. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर पाण्याला कुणी राखणदार नाही. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं.

या कामाला भक्ती म्हणावं का? गाडगेबाबांनी त्याचं उत्तर खराट्याने दिलं होतं. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, हा त्यांचा १९५६ पर्यंतचा नेम. झाडलेलं अंगण संध्याकाळी पुन्हा मळतं, हे ठाऊक असूनही ते सकाळी पुन्हा झाडत. पावित्र्य एकदाच मिळतं आणि टिकून राहतं, या समजुतीला त्या नेमात जागा नव्हती. म्हणून तीर्थातलं क्लोरीन देवाच्या सामर्थ्यावरचा अविश्वास ठरत नाही. ज्यांच्या ओंजळीत ते पडणार, त्या माणसांविषयीची ती काळजी आहे, आणि संतांच्या देवाला माणसांची काळजी परकी नव्हती.

यात्रांच्या नियोजनात पालखीचा मान, कीर्तनकारांचा क्रम आणि महाप्रसादाचे मानकरी काटेकोर ठरतात. तिथेच पाण्याची जबाबदारी कोणाची, त्याच्याकडे ओटीचं औषध आहे का, टीसीएल ताजी आहे की उघडी पडून निकामी झालेली, हेही ठरायला हवं. मंडपातल्या फलकावर कीर्तनाच्या वेळेशेजारी त्या दिवशीचा क्लोरीनचा आकडा आणि तो तपासणाऱ्याचं नाव लिहावं. ही सेवा करणाऱ्याला वेळेवर मानधन मिळावं आणि नारळ-शेल्याच्या मानकऱ्यांत त्याचीही गणना व्हावी.