अर्जावर क्रमांक पडला तेव्हा

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत आयर्लंडच्या गावागावांतून डब्लिन कॅसलकडे, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य ठाण्याकडे, जे अर्ज गेले ते नुसते वाचत बसले तर हा सगळा देश कायम हात जोडून उभा होता असे वाटेल. वर लॉर्ड लेफ्टनंटच्या, म्हणजे राजाच्या तिथल्या प्रतिनिधीच्या, सगळ्या पदव्या, मध्ये ‘अर्जदार’ म्हणून तृतीयपुरुषी मांडलेली कैफियत आणि शेवटी साहेबांच्या दीर्घायुष्यासाठी जन्मभर प्रार्थना करत राहण्याचे वचन. नवऱ्याला काळ्या पाण्याची शिक्षा झालेली बाई, नेपोलियनशी लढून आलेला पेन्शनर, प्रॉटेस्टंट चर्चच्या धर्मपट्टीपायी गाय जप्त झालेले कूळ, काम सुटलेला विणकर, नोकरी मागणारा खालावलेल्या घराण्यातला तरुण, हे सगळे याच साच्यात बोलतात. त्यावरून ही प्रजा ‘मायबाप सरकार’वर विसंबलेली, हक्काची कल्पना नसलेली होती असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो चुकीचा वाटतो. याच लाचार दिसणाऱ्या कागदांच्या पोटात एक अजिबात लाचार नसलेली कल्पना वाढत होती. ती अशी, की गाऱ्हाणे मांडले की सरकारने उत्तर देणे लागते. तिच्या वाढीचे श्रेय अर्जदारांच्या धिटाईला किंवा राज्यकर्त्यांच्या उदारपणाला पूर्णपणे देता येत नाही. त्यातला बराच वाटा कारकुनांच्या टेबलाचा आहे.

१ जानेवारी १८०१पासून आयर्लंडची स्वतंत्र पार्लमेंट संपली आणि कायदे लंडनमध्ये होऊ लागले. डब्लिनमध्ये उरला तो कारभार: लॉर्ड लेफ्टनंट, त्याचा चीफ सेक्रेटरी आणि त्याखालचा अंडर-सेक्रेटरी. चीफ सेक्रेटरी हाउस ऑफ कॉमन्सचा सभासद असल्यामुळे वर्षातले कित्येक महिने तो लंडनलाच असे. त्यामुळे १८१२पासून जवळजवळ अठरा वर्षे रोजचा गाडा विल्यम ग्रेगरी या अंडर-सेक्रेटरीनेच हाकला. गावपातळीवर सत्ता होती मॅजिस्ट्रेटची. तो बहुधा जमीनदार, बहुधा प्रॉटेस्टंट, आणि पुष्कळदा आपल्याच घराच्या दिवाणखान्यात बसून निवाडे करणारा. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच दारात दाद मागायची अशी ही व्यवस्था होती. गरिबांना मदतीचा कायदा आयर्लंडमध्ये १८३८पर्यंत नव्हताच. तेव्हा ज्याला गावात न्याय नाही आणि पोटाला आधार नाही, त्याच्यापुढे मॅजिस्ट्रेटच्या डोक्यावरून थेट कॅसलला लिहिणे हा एकच मार्ग उरे. सुरुवातीला हा मार्ग वशिल्याचाच होता. १८१२ ते १८१८ या काळात चीफ सेक्रेटरी असलेल्या रॉबर्ट पीलचे टपाल नोकऱ्या, पेन्शनी आणि बढत्या मागणाऱ्यांनी भरलेले असे. अर्जात काय लिहिले आहे यापेक्षा तो कोणाच्या चिठ्ठीसोबत आला याला वजन होते.

१८१८मध्ये चीफ सेक्रेटरीच्या कार्यालयात येणारे कागद पद्धतशीर नोंदवण्याची रीत सुरू झाली. घटना इतकी रुक्ष आहे की कुणी तिचा वर्धापनदिन साजरा करणार नाही. कागद आला की घडी घालून पाठीवर अर्जदाराचे नाव, ठिकाण, तारीख, विषय आणि क्रमांक टाकायचा, आणि तेच नोंदवहीत चढवायचे. मग त्याच पाठीवर शेरे जमत जात: अमक्या मॅजिस्ट्रेटकडून अहवाल मागवा, न्यायाधीशांकडे पाठवा, उत्तर दिले. या दप्तराचे नशीबही चांगले. १९२२च्या यादवीत फोर कोर्ट्सच्या इमारतीतले सरकारी अभिलेखागार जळून शतकानुशतकांचे आयरिश कागद राख झाले, पण कॅसलच्या बुरुजात ठेवलेला हा ढीग वाचला. नोंदीची ही पद्धत लोकांच्या सोयीसाठी आली नव्हती. कोणत्या तालुक्यात कोण कुरबुर करतो हे सरकारला एका जागी दिसावे, हाही त्यात हेतू होता. पण क्रमांक पडलेल्या कागदाचा एक गुण सरकारच्या हेतूपलीकडचा असतो. क्रमांक नसलेला अर्ज केराच्या टोपलीत गेला तर तो कधी आलाच नव्हता असे म्हणता येते. क्रमांक असलेला अर्ज अनुत्तरित राहिला तर वहीतली ती ओळ उघडी राहते. दुसऱ्या अर्जात पहिल्याचा हवाला देता येतो, आणि माझ्या मागच्या अर्जाचे काय झाले हा प्रश्न, भाषा कितीही नम्र ठेवली तरी, जाब विचारणाराच असतो.

दयेच्या अर्जांत हे सगळ्यांत जवळून दिसते. १८२२च्या बंडविरोधी कायद्याखाली अशांत म्हणून जाहीर केलेल्या भागात सूर्यास्तानंतर घराबाहेर सापडलेल्या माणसाला ज्युरीशिवाय सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा होऊ शकत असे. अशा माणसाच्या बायकोचा अर्ज पाहिला की त्याची बांधणी लक्षात येते. मुले किती, त्यांतले अंगावरचे किती, घरात म्हातारी सासू, खंड कुठवर भरलेला, त्या रात्री नवरा कुठून कुठे निघाला होता. खाली पॅरिशचा कॅथलिक पाद्री, प्रॉटेस्टंट पाद्री आणि जमले तर खुद्द जमीनदार यांच्या सह्या, माणूस सरळ वळणाचा असल्याबद्दल. एरवी ही मंडळी एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय ठेवत नसत. त्यांच्या सह्या एका कागदावर आणायला त्या बाईने किती उंबरे झिजवले असतील! तो कागद कॅसलमधून न्यायाधीशाकडे किंवा मॅजिस्ट्रेटकडे अभिप्रायासाठी जाई. पुष्कळ वेळा शेरा पडे की कायद्याने आपले काम करावे, म्हणजे वाटाण्याच्या अक्षताच. तरी एक गोष्ट घडलेली असे. निकाल देणाऱ्याला आपल्या निकालाबद्दल वर लिहून द्यावे लागले होते, आणि तेही एका निरक्षर बाईच्या कागदामुळे.

यावर पहिला आक्षेप असा, की हा आवाज त्या बाईचा नाहीच. पश्चिमेकडच्या पुष्कळ लोकांना आयरिशखेरीज भाषा येत नव्हती. अर्ज इंग्रजीत लिहून देई तो कुंपणाकाठच्या, म्हणजे गावातल्या खासगी, शाळेचा मास्तर, पाद्री किंवा पैसे घेऊन लिहिणारा लेखनिक. अर्जदाराची असे ती फक्त खालची फुली. गुडघे टेकणारी भाषा त्या मास्तरच्या साच्यातली होती, हे खरेच आहे. पण मग त्या भाषेवरून अर्जदाराचे मन लाचार होते असे तरी कसे म्हणायचे? साचा मास्तरचा, पण कोणत्या मॅजिस्ट्रेटने कोणत्या दिवशी साक्ष घ्यायचे नाकारले हा तपशील मास्तरच्या पदरचा नव्हे. शिवाय याच मुलखातून, याच वर्षांत, अगदी वेगळ्या सुराचे कागद निघत होते. १८२१मध्ये लिमरिक परगण्यातल्या कोर्टने जहागिरीत नव्या कारभाऱ्याच्या जुलमातून चिघळलेल्या दंग्यांनंतर ‘कॅप्टन रॉक’ या काल्पनिक पुढाऱ्याच्या सहीची धमकीपत्रे दारांवर डकवली जाऊ लागली. ती विनवीत नाहीत, हुकूम सोडतात: इतक्या दिवसांत शेत सोड, नाहीतर परिणाम भोग. त्यांचा घाट मात्र सरकारी नोटिशीचा. ती लिहिण्याचा संशय पुन्हा गावच्या मास्तरांवरच घेतला जाई, आणि तो सगळ्या बाबतीत खोटा नसावा. दिवसा अर्ज आणि रात्री धमकी लिहू शकणाऱ्या गावाची नम्रता हा स्वभाव मानता येत नाही. कुठे कोणता सूर लावला की काय पदरात पडते, हे त्या गावाला पक्के ठाऊक होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अर्ज ही वाफ कोंडू न देणारी झडप होती. एकेकट्या माणसाला रांगेत उभे करून सरकारने एकत्रित असंतोष टाळला, असे तो म्हणतो. तसा हेतू असेलही. परंतु अर्ज हाताळायचे म्हटले की चौकशी आली, आणि चौकशीसाठी मॅजिस्ट्रेटखेरीज दुसरी कुणीतरी खबर देणारी व्यक्ती हवी, कारण तक्रार पुष्कळदा त्याच्याविरुद्धच असे. वेलस्ली लॉर्ड लेफ्टनंट असतानाच्या वर्षांत ही निकड कारभारात उतरताना दिसते. (वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाला तैनाती फौजेच्या जोखडात अडकवणारा गव्हर्नर जनरल तो हाच, मूळचा आयर्लंडचाच, आणि १८२१च्या अखेरीस डब्लिनच्या गादीवर आलेला.) १८२२मध्ये परगण्यांना नवे पोलीस दल मिळाले आणि त्याचे अधिकारी थेट कॅसलला कळवू लागले. मॅजिस्ट्रेटांच्या याद्या तपासून काही नावे गाळली गेली. दिवाणखान्यातल्या निवाड्यांऐवजी ठरल्या दिवशी, ठरल्या जागी, एकाहून अधिक मॅजिस्ट्रेटांनी बसायची पद्धत रुजू लागली आणि १८२७मध्ये तिला कायद्याचे रूप आले. हे सगळे अर्जांमुळेच झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. दंग्यांची भीती हे मोठे कारण होते. पण भीतीने फौज येते. स्थानिक अधिकाऱ्याचे म्हणणे दुसऱ्या बाजूने पडताळून पाहण्याची सवय वेगळ्या वाटेने येते, आणि त्या वाटेवर या तक्रारींचा ढीग होता.

एकेकट्याचा अर्ज आणि जमावाची चळवळ यांत या आक्षेपाने घातलेली भिंतही पक्की नाही. १७९३च्या कायद्याने लोकांच्या प्रतिनिधींची परिषद भरवण्यास मनाई होती, मात्र पार्लमेंटकडे अर्ज करण्याचा हक्क शाबूत होता. म्हणून पार्लमेंटचे दार बंद असलेल्या कॅथलिकांची प्रत्येक संघटना कागदोपत्री अर्ज तयार करणारी मंडळी असे. त्यांचा पुढारी डॅनियल ओकॉनेल याने १८२३मध्ये कॅथलिक असोसिएशन उभी केली, पुढल्या वर्षी महिना एक पेनी वर्गणी सुरू केली, आणि जानेवारी १८२८मध्ये एकाच दिवशी हजाराहून अधिक पॅरिशांत सभा भरवून अर्ज मंजूर करून घेतले. सरकारने शिल्लक ठेवलेल्या एकाच फटीतून त्याने अख्खा देश बाहेर काढला. त्या सभांत फुली मारणाऱ्यांना अर्ज ही चीज नवी नव्हती. घरच्या माणसासाठी, जप्त गायीसाठी तो त्यांनी आधी केला होता. आता तोच सगळ्यांसाठी करायचा होता. १८२९मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडले ते ओकॉनेलने जिंकलेल्या क्लेअरच्या निवडणुकीच्या धक्क्याने, अर्जांच्या विनवणीने नव्हे, हे मान्यच आहे. पण क्लेअरमधल्या कुळांना जमीनदाराच्या विरुद्ध मत द्यायला बाहेर काढणारे जाळे अर्ज गोळा करतानाच विणले गेले होते.

उत्तर देणे लागते या कल्पनेचे खरे दात १८३८मध्ये दिसले, आणि गंमत म्हणजे ते उमरावांना लागले. टिपररी परगण्यात एका जमीनदाराचा खून झाल्यावर तिथल्या मॅजिस्ट्रेटांनी कडक कायद्याची मागणी करणारे निवेदन पाठवले. अंडर-सेक्रेटरी होता थॉमस ड्रमंड, मूळचा मोजणीखात्यातला स्कॉटिश इंजिनिअर. वीस वर्षांपूर्वी अशा निवेदनाला मान तुकवून उत्तर गेले असते. ड्रमंडने त्याला कुळाच्या अर्जासारखेच वागवले: त्यातले दावे कॅसलमधल्या आकड्यांशी ताडून पाहिले, कुळांना हुसकावण्याच्या दाव्यांत झालेल्या वाढीकडे बोट दाखवले, आणि मालमत्तेला हक्क असतात तशी कर्तव्येही असतात, ती टाळल्यानेच हा रोग जडला आहे, असे लिहिले. पत्र गाजले ते या वाक्यासाठी. मला त्यामागची रीत अधिक महत्त्वाची वाटते. अर्जदार कोण यावरून अर्जाची किंमत करायची जुनी प्रथा इथे मोडली, आणि ज्या पद्धतीने ती मोडली ती वीस वर्षे गरिबांच्या कागदांवर घोटली गेली होती.

पण या कल्पनेच्या वाढीची दुसरी बाजू सात वर्षांतच उघडी पडली. १८२२च्या टंचाईत पश्चिमेकडच्या गावांनी वेलस्लीला अर्ज केले तेव्हा अलेक्झांडर निम्मोसारख्या इंजिनिअरांना पाठवून रस्त्यांची कामे काढण्यात आली होती. निर्णय डब्लिनमध्ये होत होता आणि त्याला वाकवता येत होते. १८४५मध्ये बटाट्याचे पीक कुजले, मदत आयोग नेमला गेला, आणि पुन्हा पॅरिशा, पाद्री, मजूर यांचे अर्ज लोटले. आता तर नोंद चोख होती, उत्तरेही जात होती. पण पैशाच्या नाड्या लंडनच्या ट्रेझरीत, म्हणजे अर्थखात्यात, तिथला वरिष्ठ अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन याच्या हातात होत्या, आणि उत्तरात नियम उद्धृत केलेला असे: आधी इतकी स्थानिक वर्गणी जमवा, मग सरकार भर घालील, या कामाला मंजुरी अमक्या सभेतून घ्या. मार्च १८४७मध्ये सात लाखांहून अधिक माणसे सरकारी कामांवर खडी फोडत होती, तेव्हाही हा पत्रव्यवहार क्रमवार चालू होता. लॉर्ड लेफ्टनंटचे मन वळवता यावे म्हणून जो अर्ज निर्माण झाला होता, त्याच्यासमोर आता मन वळवण्यासारखे कुणी बसलेले नव्हते. आणि नियमाविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची, याची सोय त्या नोंदवहीत नव्हती.